पगार पुण्याचा, बिऱ्हाड मनीषनगरात

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुणे, मुंबई, बंगळूर येथील संगणक कंपन्यांत नोकरीस असलेले नागपूरचे कितीतरी तरुण घरी परतले. तो तेव्हा आपद्धर्म होता. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागाने अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील बंधने सैल केली, देशात कोठूनही काम करण्यास मोकळीक दिली, आणि आपद्धर्माची वहिवाट झाली. योगायोग असा, की वर्षानुवर्षे रेल्वे फाटकावर ताटकळणाऱ्या मनीषनगरचा उड्डाणपूलही त्याच महिन्यात खुला झाला. वर्धा मार्गावर मेट्रो, जवळच विमानतळ आणि ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्यास जाणारी वंदे भारत गाडी. महिन्यातून एकदा कचेरीत तोंड दाखवून परतणे आता अवघड राहिलेले नाही.

महागड्या शहराची नोकरी आणि स्वस्त राहणी यांची सांगड घालणाऱ्या या वर्गास ‘डिजिटल भटके’ म्हणण्याची टूम आहे. ज्या महाराष्ट्रात खऱ्या भटक्या जमातींना कायमचा पत्ता नसल्यामुळे शिधापत्रिकेसाठी झगडावे लागले, तेथे सदनिकेत बसून काम करणाऱ्यांना हा शब्द लावणे काहीसे विचित्रच. पण ते असो.

या मंडळींच्या काटकसरीचे कौतुक पुष्कळ होते. वस्तुतः तिच्या मुळाशी दोन शहरांच्या भावांतील तफावत आहे. सरकारने ही तफावत कधीच हिशेबात धरली आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यास मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो, नागपुरात २० टक्के. बदली होऊन येथे आलेल्या कारकुनाचा भत्ता त्या प्रमाणात उतरतो. खासगी कंपनीतील त्याच्या शेजाऱ्याचा पगार मात्र, कंपनीने कात्री लावली नाही तर, पुण्याचाच राहतो. एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोघांपैकी एकाची मिळकत गावाच्या मापाने ठरते, दुसऱ्याची परगावच्या. घरमालकाने भाडे कोणाच्या ऐपतीकडे पाहून सांगावे? अर्थातच दुसऱ्याच्या. मग तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गोंदिया-गडचिरोलीहून आलेला विद्यार्थी बेसा, बेलतरोडीच्या पलीकडे सरकतो आणि भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलात घालतो.

याचा अर्थ परतलेल्या तरुणांनी कोणाचे काही हिरावले असा नव्हे. वृद्ध आईवडिलांच्या घरात मूल नांदू लागले, किराणा दुकानदारास गिऱ्हाईक आणि खानावळीस डबे मिळाले, हा लाभ लहान नाही. शिवाय त्यांचेही हिशेब दिसतात तितके सोपे नाहीत. कचेरीची खुर्ची, वीज, इंटरनेट यांचा खर्च पूर्वी मालकाच्या वहीत पडे. तो आता अंशतः तरी घराच्या वहीत येतो. पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे खिडकीतील कूलरने भागत नाही, आणि दुपारी वीज गेली तर साहेबाला कारण कोणते सांगावे, ही चिंता निराळीच.

सर्वांत मोठी अनिश्चितता मालकाच्या मर्जीची आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेक कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलाविले. पुण्याच्या पगारावर मनीषनगरात घराचे कर्ज काढून बसलेल्या माणसास असा हुकूम आला, तर त्याने हप्ता येथे भरावयाचा आणि भाडे हिंजवडीत!

विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा करणाऱ्यांनी येथे थोडे थांबावयास हवे. तरुण घरी आला म्हणून नोकरी नागपुरास आली, असे समजण्याची घाई काहींना झालेली दिसते. मिहानमधील कंपन्यांत येथल्या मुलास जागा मिळते, तेव्हा नोकरी, पगार आणि बढती तिन्ही गावात राहतात. दूरस्थ नोकरीत केवळ पगार येतो, तोही मालकाची इच्छा असेतो. म्हणून घरून काम करण्याची मुभा तोंडी न ठेवता नियुक्तिपत्रात मुदतीसह लिहून घेणे, आणि ती मागे घ्यावयाची असल्यास काही महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक करणे, एवढी मागणी तरी कर्मचारी संघटनांनी लावून धरावी. घरभाडे भत्त्याच्या टक्क्यांसाठी कारकुनांच्या संघटना पिढ्यान्‌पिढ्या भांडत आल्या. संगणकापुढे एकेकट्या बसलेल्या या वर्गाची संघटना अजून बाल्यावस्थेतच आहे.