रीस्टार्ट करून बघा

माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. पुण्यात सदाशिव पेठेत आमच्या जुन्या घरात एकटेच राहतात. आई गेल्यावर मी त्यांना स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. 'घेऊन दिला' म्हणजे काय, तर ठाण्यात बसून मोबाइलवरून मागवला. एक माणूस येऊन तो भिंतीला ठोकून गेला, आणि मी एका शनिवारी जाऊन त्यात वायफायचा पासवर्ड घातला. झालं! मुलगा म्हणून कर्तव्य संपलं.

चार-पाच महिने बरे गेले. भीमसेन जोशींची जुनी रेकॉर्डिंग्ज, कसोटी सामने, कुठलीशी संगीत नाटकं... बाबा खूश होते. मग फोन यायला लागले.

"अरे, ते गोल गोल फिरतंय."

"बाबा, रीस्टार्ट करून बघा."

"केलं."

"मग राउटर बंद करून चालू करा. दहा मिनिटांनी."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. कधी सुरू झालेला असायचा, कधी नाही. आठवड्यातून दोनदा हा संवाद. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मी वैतागायला लागलो. मीटिंगमध्ये असताना फोन आला की "बाबा, रीस्टार्ट करा ना, संध्याकाळी बोलतो" एवढंच. आणि मग एक दिवस हे फोन बंद झाले. मला वाटलं, चला, झालं एकदाचं नीट.

महिन्या-दीड महिन्याने पुण्याला गेलो, तर टीव्हीवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला. रुमालावर चक्क धूळ.

"टीव्ही नाही लावत का हल्ली?"

"नाही रे. माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं जात असणार. तुला तरी किती त्रास द्यायचा?"

हे वाक्य मला अजून टोचतं आहे, आणि आजचं हे सगळं लिहिणं त्या एका वाक्यासाठीच आहे.

बाबांनी ३३ वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काम केलं. बंद पडलेल्या मशीनपुढे उभं राहून "माझंच काही चुकलं असेल" असं म्हणणारा हा माणूस नव्हे. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला १९८३ साली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसायला लागलं होतं. त्यामुळे आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, एखाद्या देवाकडे बघावं तशा. वारं सुटलं किंवा कावळा बसला की चित्रात मुंग्या. मग बाबा गच्चीवर, मी खिडकीत आणि आई टीव्हीसमोर.

"आलं का?"

"आलं! ... गेलं! ... थोडं डावीकडे!"

त्या 'आलं-गेलं'मध्ये एक मोठी सोय होती, ती आज कळते. चित्र बिघडायचं ते थोडं थोडं बिघडायचं. मुंग्या वाढल्या की दिशा चुकली, सावली दुहेरी दिसली की लाट कुठेतरी आपटून येते आहे. बिघाड डोळ्यांना दिसायचा, आणि जे दिसतं त्याच्यावर हात चालवता येतो. आताचा टीव्ही काय सांगतो? एक गोल फिरतं. त्या गोलाच्या मागे भिंत आडवी आलेली असो, शेजाऱ्याचा वायफाय असो, राउटर गेलेला असो की कंपनीची लाइनच तुटलेली असो, गोल तेच. आणि फिरून दमलं की इंग्रजीत एक ओळ येते, तिचा मथितार्थ 'तुमचं नेटवर्क तपासा'. *तुमचं!* म्हणजे चूक कोणाची हे ठरवून मोकळे. बाबांनी ती ओळ वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. आणि मी फोनवरून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

असो. त्या शनिवारी मी बाह्या सरसावल्या. मोबाइल काढला, सेटिंग्ज उघडली, हे बदल, ते बदल. बाबा खुर्चीत बसून शांतपणे बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही." आणि उठून कपाटातून एक डायरी घेऊन आले. कुठल्याशा बँकेची, जुन्या वर्षाची.

तुम्हाला सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलंच काही चुकतंय असं धरून बसलेल्या ह्या माणसाने दोन महिने नोंदी ठेवल्या होत्या. तारीख, वार, वेळ, काय चाललं होतं, काय केलं, काय झालं. '७.४० गेला. आपोआप ७.५२ला आला.' 'गुरु. दुपारी लाइट आली, टीव्ही नाही.' कारखान्यातल्या लॉगबुकसारखं स्वच्छ अक्षर. मला हे कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त उपाय सांगत होतो.

डायरी वाचत गेल्यावर पंधरा मिनिटांत लक्षात आलं, की आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती दोन होती.

पहिलं दुखणं गुरुवारचं. पुणेकरांना वेगळं सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. लाइट आली की टीव्ही आणि राउटर एकदमच जागे होतात. टीव्ही अर्ध्या मिनिटात तयार. राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात, त्याला पलीकडच्या फायबरशी आधी जमवून घ्यायचं असतं. टीव्ही त्या मधल्या वेळात हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि हा पठ्ठ्या गप्प बसतो. पुन्हा हाक मारत नाही! शिवाय टीव्हीला वेळ-तारीख कळते ती इंटरनेटवरूनच. नेट नाही म्हणजे घड्याळ भलतंच. तारीख भलती असली की ॲपं सुरक्षिततेच्या कारणाने जोडणीच नाकारतात, कारण पलीकडच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला वैध ठरत नाही. म्हणजे नंतर वायफाय लागलं तरी ॲप चालणार नाही. आता हे ८१ वर्षांच्या माणसाने कसं ओळखावं? ते जाऊ द्या, मी तरी कुठे ओळखलं होतं?

दुसरं दुखणं संध्याकाळचं. सकाळी अकरा वाजता टीव्ही ठणठणीत, आणि सात ते दहा ह्या वेळात आचके. आमचं घर १९५८ सालचं, आजोबांनी बांधलेलं. लोडबेअरिंग, भिंती दीड फुटी. फायबर वरच्या मजल्याच्या गॅलरीतून आत आलं म्हणून राउटर वरच्या खोलीत, आणि टीव्ही खाली बाहेरच्या खोलीत. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५वाला वेगवान पण नाजूक, जाड भिंत आली की त्याचा दम जातो. २.४वाला भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण तिथे गर्दी फार. आपल्याकडे २.४चा पट्टा २००५ साली विनापरवाना खुला झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग खुला व्हायला २०१८ उजाडलं. त्यामुळे जुनी-नवी सगळी जनता २.४मध्येच दाटीवाटीने. वायफाय त्यात, ब्लूटूथ त्यात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा गोंगाटही त्यातच. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. मोबाइलवर बघितलं तर आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची चौदा वायफाय दिसत होती. संध्याकाळी सगळे घरी आले की त्या चौदांचा बाजार भरतो.

त्यातून आमच्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं. कोणाला कुठे बसवायचं ते तो ठरवणार. टीव्ही २.४वर अडखळला की उडी मारून ५वर, तिथे भिंतीने गळा धरला की पुन्हा खाली. बाबांच्या डायरीतली ती '७.४० गेला, ७.५२ला आला' ही बहुधा ह्या उड्यांचीच नोंद होती.

म्हणजे रीस्टार्टचा उपाय अधूनमधून लागू का पडत होता, तेही कळलं. गुरुवारी तो खराच उपाय होता. संध्याकाळी मात्र तो निव्वळ योगायोग होता. आणि अधूनमधून लागू पडणाऱ्या औषधासारखं वाईट काही नाही, कारण ते आपल्याला पुढे शोधूच देत नाही.

माझा एक मित्र आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "म्हाताऱ्यांनी थोडं शिकून घ्यायला हवं रे, जमाना बदललाय." मला हे आता पटत नाही. बाबा बँकेचं मोबाइलवरून करतात, औषधं मागवतात. शिकायला त्यांची ना नाही. पण शिकायला काहीतरी दिसावं लागतं. जी वस्तू आपला बिघाड लपवते, तिच्याकडून काय शिकणार? 'वायफाय सापडलं, पण इंटरनेट येत नाही', 'सिग्नल कमजोर आहे', 'घड्याळ चुकलं आहे' हे तीन निरोप मराठीत दाखवायला असा काय खर्च येतो? टीव्हीला आतून हे ठाऊक असतं. सेटिंग्जमध्ये सहा पायऱ्या उतरून गेलं तर त्यातलं बरंचसं सापडतंही. पण वरती, पडद्यावर, फक्त गोल.

आणि दुसरी गोष्ट, थोडी तिरकस वाटेल. जी वस्तू भिंतीला चार खिळ्यांनी ठोकली आहे, ती बिनतारी कशाला हवी? मोबाइल खिशात फिरतो, त्याचं मी समजू शकतो. टीव्ही कुठे फिरायला जातो? त्याला विजेची वायर आहेच की! पण खोक्यावर 'वायफाय' मोठ्या अक्षरात, आणि मागच्या बाजूला असलेल्या नेटवर्क केबलच्या भोकाचा कोणी उल्लेखही करत नाही. बऱ्याच टीव्हींमध्ये ते १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून जाणकार नाक मुरडतात. अहो, उत्तमातल्या उत्तम फोर-के चित्राला साधारण १५ ते २५ पुरतात. बाबांच्या भीमसेनांना तर त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागतं.

मी हे बोलून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "मग वायर टाकू." जणू इतके दिवस ते कोणीतरी हे म्हणण्याची वाटच बघत होते.

वायर नेमकी कुठून न्यायची ह्याचा विचार मी करत होतो. दीड फुटी भिंतीला भोक पाडायचं म्हणजे गवंडी आला. बाबा बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी गेले आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे रंगाच्या चार-पाच थरांखाली एक खळगा होता. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर आरपार भोक. अँटेनाची चपटी वायर गच्चीवरून खाली यायची ती त्याच भोकातून! केबल टीव्ही आल्यावर कधीतरी बाबांनीच ते लांबी भरून बुजवलं होतं.

नवीन केबल अर्थात गोल आणि जाड, तेव्हा भोक जरा मोठं करावं लागलं. ते काम बाबांनी केलं. मी खालून स्टूल धरलं. वीस मीटर केबल गॅलरीतून पाइपाच्या कडेने खाली आणली, आत घेतली, टीव्हीच्या मागे खोचली. टीव्हीचं वायफाय बंदच करून टाकलं, उगाच मोह नको. राउटरला एक छोटी बॅटरी जोडली. आता लाइट गेली तरी तो जागा राहतो, आणि गुरुवारी टीव्ही उठेल तेव्हा हाकेला ओ द्यायला कोणीतरी असतं. टीव्हीची तारीख एकदा तपासली. ह्या सगळ्याला मिळून काही शे रुपये आणि एक रविवार लागला. काही शे रुपये मी दोन वर्षांत कधीही देऊ शकलो असतो. रविवारच दिला नव्हता.

केबल खोचल्यावर बाबा टीव्हीसमोर उभे राहिले, मी वर राउटरपाशी होतो. जिन्यातून ओरडून विचारलं, "आलं का?"

थोडा वेळ उत्तर नाही. मग खालून आवाज आला, "आलं!"

पुढच्या गुरुवारी मी आपणहून फोन केला. लाइट दोन तास गेली होती, आली, टीव्ही लागला, असं बाबांनी सांगितलं. डायरीत लिहिलंय म्हणाले. मग जरा थांबून: "ते सगळं ठीक आहे. पण ऐन रंगात आलेल्या आलापीच्या मध्येच ती साबणाची जाहिरात येते, त्याचं काही करता येईल का?"

म्हटलं, बघतो. ह्या वेळी 'रीस्टार्ट करा' म्हणालो नाही.