आधी हवा, मग कूलर

मिड-इंजिन गाडीला ऑइल कूलर बसवायचा म्हटला की वर्कशॉपमधली चर्चा ‘किती रोचा घ्यायचा’ इथूनच सुरू होते. १३ की १९? कॅटलॉगमध्ये आकडा असतो, समोर किंमत असते, त्यामुळे हा वाद घालणे सोपे. आमचा आग्रह असा, की रोचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. या गाड्यांत कूलरचे काम त्याच्या आकारापेक्षा त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते, आणि इंजिन सीटमागे असल्यामुळे ती आयती मिळत नाही.

कंपन्यांनी ही अडचण वेगवेगळ्या रीतीने सोडवली आहे. टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या एमआर-टू टर्बोला फिल्टरपाशीच कूलंटवर चालणारा कूलर दिला. पोर्श बॉक्स्टरमध्येही ऑइलची उष्णता इंजिनावरच्या एक्स्चेंजरमधून कूलंटला जाते आणि पुढचे रेडिएटर ती बाहेर टाकतात. लोटसने टोयोटा इंजिनाच्या एलिसमध्ये मात्र हवेचे कूलर थेट नाकाशी नेले आणि लांब होज तिथवर पोचवले.

कूलंटच्या पद्धतीला आपल्याकडे उगाच नावे ठेवली जातात. सकाळी कूलंट आधी तापतो आणि ऑइललाही तापवतो. रस्त्यावरच्या गाडीला याहून चांगली व्यवस्था नाही. तिची मर्यादा ट्रॅकवर कळते, कारण ऑइल कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही. म्हणून ऑइलसोबत कूलंटचा काटाही चढत असेल, तर नवा कूलर मागवण्याआधी बंपर उघडा. बॉक्स्टरच्या रेडिएटर आणि एसी कंडेन्सरमधल्या फटीत साचलेला पालापाचोळा काढणे हे फुकटचे काम आहे, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी सुचवत नाही.

ऑइल ९० ते ११० अंशांत राहत असेल तर काहीच करू नये. ट्रॅकवर चांगले सिंथेटिक ऑइल १२० सहज सोसते. सतत १३० च्या वर जात असेल, तरच हवेचा कूलर. तो बसवताना थर्मोस्टॅट असलेलीच सँडविच प्लेट घ्या, साधारण ८० अंशांना उघडणारी. कायम कोमट राहणाऱ्या ऑइलमधून पाण्याची वाफ आणि पेट्रोल निघून जात नाही.

आता जागा. नाकाशी हवा भरपूर, पण किंमत मोजावी लागते. जाऊन-येऊन सहा मीटर होज, आतला व्यास १४ मिमी धरला तर त्यातच जवळजवळ ९०० मिली ऑइल राहते. पैसे वाचवायला ११ मिमीचा होज लावला, तर थंड, घट्ट ऑइलला होणारा अडथळा अडीच पटींहून वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. याउलट बाजूच्या स्कूपमागे कूलर ठेवला की होज आखूड होतात. मात्र तिथे गाडीच्या अंगाला घासून मंदावलेली हवा येते, आणि डक्टच्या कडा नीट सील नसतील तर इंजिन-बेमधली तापलेली हवाच कूलरमध्ये फिरत राहते. ऑइल १२० अंश आणि बाहेरची हवा ३५ असेल, तर फरक ८५ चा. तोच कूलर ६० अंशांच्या बे-मधली हवा ओढू लागला की फरक ६० वर येतो, म्हणजे सुमारे तीस टक्के क्षमता गेली. १३ ऐवजी १९ रो घेऊन मिळवलेले इथे बरेचसे हातचे जाते.

आत येणाऱ्या हवेचे भोक सगळे पाहतात. बाहेर जाणारीचा रस्ता क्वचितच कोणी आखतो! कूलरमागची हवा चाकाच्या कमानीत किंवा गाडीखाली, कमी दाबाच्या जागी सुटली पाहिजे. स्कूपची जागा निवडली तर श्राउडसह पंखा हवाच, कारण गाडी पिटमध्ये थांबते तेव्हा स्कूपमधून काहीच येत नाही.

एवढे ठरल्यावर हिशेब करा. मिनिटाला ३० लिटर ऑइल फिरत असेल, तर ते १० अंशांनी उतरवायला साधारण ९ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. हा आकडा आणि डक्टमधली हवा घेऊन उत्पादकाच्या तक्त्याकडे गेलात, तर अनेक दोन लिटर इंजिनांना २३५ मिमी रुंदीचा १३ रोचा कूलर पुरतो असे दिसेल. तोंडे वर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. आणि रबरी बुशांवर बसवा. बेअरिंग गेलेल्या इंजिनावरचा जुना कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याच्या पातळ नळ्यांतला धातूचा कीस धुऊन पूर्ण निघत नाही.