बारा खाने आणि चार रूपे

माझी भाची दहावीला आहे, उर्दू माध्यमात. सुट्टीत गावी गेलो तेव्हा तिच्या इंग्रजीच्या वहीत एक तक्ता दिसला. अख्खं पान पट्टीनं आखलेलं, बारा खाने, प्रत्येक खान्यात एक काळ. शेवटच्या खान्यात लिहिलं होतं, ‘आय शॅल हॅव बीन वॉकिंग’. तिला सगळं तोंडपाठ होतं. मी विचारलं, “काल तू अभ्यास केला नाहीस, हे इंग्रजीत सांग.” ती थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आय डिड नॉट स्टडीड, मामू.”

चूक किरकोळ आहे, पण ती एकट्या तिची नाही. मीही बारावीपर्यंत तसंच बोलत होतो. मराठी माध्यमातले माझे मित्र बोलायचे, उर्दूवालेही बोलायचे. याच वाक्यावर मुलाखतीत समोरच्याच्या ओठांवर हसू येतं आणि आपला मुलगा पुढचं सगळं विसरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, आपण मुलांना इंग्रजी क्रियापद शिकवत नाही, त्याची भीती शिकवतो.

खरं तर इंग्रजीतलं नियमित क्रियापद हा जगातला एक गरीब प्राणी आहे. त्याची रूपे किती? वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. संपलं. आता आपलं चालणे घ्या. तो चालला, ती चालली, ते चालले, त्या चालल्या, तू चाललास, तू चाललीस, तुम्ही चाललात. या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द. सकर्मक क्रियापदात तर आपली मजा आणखी वाढते. तिनं भात शिजवला, डाळ शिजवली, वांगं शिजवलं. भांड्यात काय आहे ते बघून मराठी क्रियापद बदलतं. इंग्रजीतलं ‘कुक्ट’ भांड्यात डोकावतही नाही. जी मुलगी वयाच्या चौथ्या वर्षी हे सगळं बिनचूक बोलते, घरात दखनी आणि बाजारात मराठी असं दोन्हीकडे सांभाळते, तिला चार रूपे जड जावीत?

भाचीचा मोठा भाऊ मदरशात शिकतो. तो अरबी क्रियापदाची गर्दान एका दमात म्हणतो. नुसत्या भूतकाळाची १४ रूपे. एकवचन, द्विवचन, बहुवचन, पुल्लिंग, स्त्रीलिंग सगळं आलं. तोही म्हणतो, इंग्रजी कठीण आहे. हे त्याला कुणीतरी सांगितलंय, त्याच्या अनुभवातून आलेलं नाही.

मग अडतं कुठे? रूपांत नाही, ‘डू’मध्ये अडतं. आणि ती गोष्ट वर्गात दहा मिनिटांत सांगता येते. इंग्रजी वाक्यात काळाचा शिक्का एकदाच बसतो. ‘आय स्टडीड’मध्ये तो क्रियापदावर आहे. नकार किंवा प्रश्न आला की ‘डू’ पुढे येतो आणि शिक्का स्वतःवर घेतो, त्याचा ‘डिड’ होतो. मग स्टडी मोकळं. ‘ही वॉक्स’मधल्या ‘स’चंही तेच. ‘डज ही वॉक’ म्हणताना तोच ‘स’ डूकडे गेलेला असतो, वॉककडे राहत नाही. अख्ख्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती.

उच्चाराचंही तसंच. स्पेलिंगमध्ये ‘ईडी’ दिसतं म्हणून मुलं वॉकेड, वॉशेड वाचतात. ‘एड’ ऐकू येतं ते फक्त मूळ क्रियापद ट किंवा ड या आवाजावर संपत असेल तेव्हा, जसं वाँटेड. बाकी ठिकाणी वॉश्ट, लाफ्ट, प्लेड.

अर्थाचा, म्हणजे आज्ञार्थ-विध्यर्थाचा धडा तर बहुतेक शिक्षक उरकूनच टाकतात. आमच्या सरांनी ‘गॉड ब्लेस यू’ हा अपवाद म्हणून पाठ करायला लावला होता. ‘ब्लेस’ला ‘एस’ का नाही, असं विचारलं तर डस्टर दाखवला. तो अपवाद नाही, ती दुआ आहे. आपण ‘खुदा करे’ म्हणतो, ‘खुदा करता है’ म्हणत नाही. मराठीत ‘देव भलं करो’. घडतंय ते सांगणं वेगळं आणि घडावं म्हणून मागणं वेगळं. अरबी तर मागण्यासाठी भूतकाळाचंच रूप वापरते. रहिमहुल्लाह हे आपण रोज म्हणतो, त्यातलं क्रियापद भूतकाळी आहे. मोहल्ल्यातल्या कुठल्याही मुलाला हा फरक आतून माहीत असतो. फक्त कुणी जोडून दाखवत नाही.

इंग्रजीतही पूर्वी ‘तू’ होता. ‘दाऊ वॉकेस्ट’, ‘ही वॉकेथ’ अशी रूपे होती. पिक्थॉल यांचा १९३० सालचा कुराणाचा अनुवाद उघडला तर त्या ‘दाऊ’ची भाषा भेटते; हे गृहस्थ आमच्याच हैदराबाद संस्थानात निजामाच्या नोकरीत होते. बोलण्यातून तो तू गेला, त्याच्यासोबत ‘एस्ट’ गेलं. उरला तो तिसऱ्या पुरुषाचा एकटा ‘एस’. आणि आपण मुलांना त्या एकट्याला घाबरायला शिकवतो!

‘वेंट’, ‘ब्रॉट’सारखी अनियमित क्रियापदे पाठ करावीच लागतात, त्याला इलाज नाही. पण नवं क्रियापद आलं की ते नियमितच होतं. ‘गूगल’चं ‘गूगल्ड’ कुणाला शिकवावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी भाचीकडून मी तक्ता बंद करून वीस वाक्यं बोलून घेतली. घरातलीच. नळाला पाणी कधी आलं, अम्मीनं काय शिजवलं, भावानं फोन का केला नाही. अकराव्या वाक्यापासून ‘डिड नॉट’नंतरचं ‘ईडी’ आपोआप गळायला लागलं. मग तिनं विचारलं, “मामू, पण सहामाहीत तर तक्ताच विचारतात ना?”

विचारतात. मार्कही त्यालाच आहेत. तिनं वही पुन्हा उघडली आणि शेवटचा खाना म्हणायला लागली.