प्रोजेक्टरच्या पोटातले आठ लाख आरसे

डहाणू-तलासरीकडे प्रोजेक्टर आता नवलाचा राहिलेला नाही. शाळेत तो असतो, दहावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरात असतो. निकाहच्या वेळी पलीकडच्या खोलीत बसलेल्या बायकांना इकडचे दिसावे म्हणून तो भाड्यानेही आणतात. मुले मात्र एक प्रश्न विचारतात आणि मोठी माणसे तो टाळतात: एवढ्याशा डब्यातून एवढे मोठे चित्र येते कुठून?

"लेन्समधून" हे उत्तर अर्धेच आहे. लेन्स चित्र मोठे करते, तयार करत नाही. ज्या प्रोजेक्टरवर 'डीएलपी' ही अक्षरे असतात, त्यात चित्र तयार करतात आरसे. शाळेत वापरतात त्या साध्या प्रोजेक्टरमध्ये बोटाच्या नखाएवढी एक चिप असते. तिच्यावर 1024 उभ्या आणि 768 आडव्या रांगांत आरसे बसवलेले असतात. गुणाकार करा: 7,86,432. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एक स्वतंत्र आरसा. आरसा इतका बारीक, की माणसाच्या एका केसाच्या जाडीवर असे पाच-सहा शेजारी शेजारी बसतील.

प्रत्येक आरसा एका नाजूक बिजागरीवर तोललेला असतो. त्याच्याखाली स्मृतीचा एक छोटा कप्पा असतो, त्यात 1 किंवा 0 एवढेच लिहिता येते. कोरड्या केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? तशाच विद्युत आकर्षणाने आरसा एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला कलतो, साधारण 12 अंश. एका बाजूला कलला की दिव्याचा प्रकाश लेन्समधून पडद्यावर जातो. दुसरीकडे कलला की तोच प्रकाश आतल्या काळ्या भागावर पडून तिथेच जिरतो. म्हणजे आरशाला दोनच शब्द येतात: हो आणि नाही.

इथे आपल्या भागातले एक उदाहरण घ्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र मुळात कसे असते? मातीच्या तपकिरी रंगावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. एखाद्या जागी पांढरे आहे किंवा नाही, मधले काही नाही. मग आरशालाही हो-नाहीच येत असेल, तर पडद्यावर सगळे वारलीसारखे दिसायला हवे. तरीही नवरीच्या गालावरची हलकी सावली दिसते. ती कुठून येते?

उत्तर वेळेत आहे. आरसा अर्धा कलत नाही, पण अर्धा वेळ 'हो' म्हणू शकतो. सेकंदात तो हजारो वेळा हलतो. आपला डोळा एवढे वेगळे टिपू शकत नाही, सगळे मिसळून पाहतो. जोरात फिरणाऱ्या पंख्याची पाती जशी एकच चकती वाटतात, तसे. जास्त वेळ 'हो' तर ठिपका उजळ, जास्त वेळ 'नाही' तर काळपट.

हा वेळ मोजतात कसा? किराणा दुकानातली वजने आठवा. 1, 2, 4 आणि 8 किलोची चारच वजने असली, तरी 1 ते 15 किलोपर्यंतचे कोणतेही पूर्ण किलोतले माप करता येते. प्रोजेक्टरमध्ये अशी वेळेची आठ 'वजने' असतात, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट: 1, 2, 4 पासून 128 पर्यंत. कोणत्या वजनाला 'हो' आणि कोणत्याला 'नाही' एवढे ठरवले की काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा मिळतात. रंगासाठी दिव्यासमोर लाल, हिरवी, निळी काच असलेले चाक गरगर फिरते. आरसे आधी लाल चित्र दाखवतात, मग हिरवे, मग निळे. डोळा तिन्ही एकत्र करतो. 256 ला तीनदा मांडून गुणले की एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग होतात.

हे यंत्र अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी घडवले. 1977 पासून ते अशा आरशांवर काम करत होते. सुरुवातीचे आरसे विजेच्या कमीजास्त दाबाप्रमाणे कमीजास्त वाकत. पण लाखो आरसे अगदी सारखेच वाकवणे जमेना. 1987 मध्ये त्यांनी 'थोडेसे वाकणे' सोडून दिले आणि हो-नाहीचा मार्ग धरला. 1996 मध्ये असे प्रोजेक्टर बाजारात आले, 1999 मध्ये अमेरिकेत 'स्टार वॉर्स' मालिकेतला चित्रपट काही थिएटरांत रिळाशिवाय दाखवला गेला आणि 2015 मध्ये हॉर्नबेक यांना ऑस्कर मिळाले. नटाला मिळते तेच, पण आरशासाठी.

आरसा आणि डोळा यांचे हे गणित आपल्याला परके नाही. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये हेच विचारले होते: दिवा इथे, डोळा तिथे, तर गोल आरशाच्या नेमक्या कोणत्या बिंदूवरून प्रकाश डोळ्यात येईल? तो प्रश्न आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता कामाची गोष्ट. आमच्याकडे चंद्याच्या पैशांतून एक जुना प्रोजेक्टर घ्यायचे ठरत होते. विक्रेत्याने लावून दाखवला, तर चित्रात पाच-सहा पांढरे ठिपके. "पडदा मळलाय, धुऊन घ्या," असे तो म्हणाला, आणि बऱ्याच जणांना ते पटलेही. तलासरीची नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "चाचा, पडदा धुण्याआधी मशीन जरा सरकवून बघा ना." मशीन हातभर सरकवली. चित्राबरोबर ठिपकेही सरकले. पडद्यावरचा डाग असा चालत नाही. मग तिने चित्र बदलायला सांगितले. चित्र बदलले, ठिपके चौकटीत जिथल्या तिथे. म्हणजे दोष पडद्याचाही नव्हता आणि चित्राचाही नव्हता. ते 'हो' म्हणत अडकलेले आरसे होते. असा एकेक आरसा दुरुस्त होत नाही, सबंध चिप बदलावी लागते. व्यवहार तिथेच थांबला आणि जमातीचे पैसे वाचले.

त्या मुलीजवळ कोणतेही उपकरण नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे, एवढेच तिने केले. वर्गात आम्ही 'प्रयोग' म्हणून शिकवतो ते हेच.

जुना प्रोजेक्टर घेताना तुम्हीही एवढे करा. पूर्ण काळे चित्र लावा, पांढरे ठिपके दिसतील. पूर्ण पांढरे लावा, 'नाही' म्हणत अडकलेले काळे ठिपके दिसतील. ठिपका रेखीव असेल तर तो आरसा, धूसर डाग असेल तर बहुधा आतली धूळ. घेतल्यावर हवेची जाळी वेळोवेळी साफ करा, कारण जाळी तुंबली की आत उष्णता साठते. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद करताना पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. आणि लहान मुलांना चालू लेन्समध्ये डोकावू देऊ नका.

या महिन्याचा घरचा अभ्यास दोन भागांचा. पहिला: 1, 2, 4, 8 या वजनांनी 13 किलो आणि 11 किलो कसे मोजाल? दुसरा: प्रोजेक्टरवर पांढरे चित्र लावा आणि पडद्याजवळ, प्रकाशासमोर, बोटे फाकवून हात जोरात हलवा. बोटांच्या कडांना लाल, हिरवे, निळे पट्टे दिसले, तर आत रंगांचे चाक आणि लाखो आरसे काम करत आहेत. नाही दिसले, तर तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा, एलसीडी प्रोजेक्टर आहे. कोणता निघाला आणि ते कशावरून ठरवले, हे मुलांनाच वहीत लिहू द्या.