आठ आठवड्यांचे विसरवाडी

सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर विद्यार्थी उन्हाळी इंटर्नशिपसाठी आदिवासी जिल्ह्यांकडे वळतात. 2018 साली 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत गेलेला नंदुरबार त्यांना खुणावत असेल, तर नवल नाही. मे-जूनचे आठ आठवडे, एक अहवाल, एक सादरीकरण. हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप ऋतूला आहे, आणि त्याहून अधिक भाषेला.

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडीचेच पाहा. मे महिन्यात शाळा बंद. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे परतलेली, हाती थोडाफार पैसा, लग्नसराई चालू. पाण्याची टंचाई तेवढी डोळ्यांत भरते; मग अहवालही पाण्यावरच होतो. कणगीतले धान्य तळाला जाते, आजार वाढतात, आया दिवसभर शेतात असतात आणि पोरांची वजने उतरतात, ते पावसाळ्यात. तोवर आमचा अभ्यासक शहरातल्या वर्गात कुपोषणावर टिपणे काढीत असतो.

आता भाषा. प्रश्नावली इंग्रजीत रचलेली, विचारली जाते मराठीत किंवा हिंदीत, आणि उत्तर देणारी बाई मनात मावचीत वा भिलीत बोलत असते. मधे उभी असते एखादी आशा कार्यकर्ती किंवा गावातला कॉलेजातला मुलगा. अहवालात त्यांचे नाव नसते. भाषांतरमीमांसेवर आपण सत्रेच्या सत्रे घालवतो; येथे एका क्रियापदाच्या भाषांतरावर कुणाचे रेशन ठरू शकते, याकडे मात्र साहित्याच्या विभागांनी कधी पाहिलेले आम्हांस आठवत नाही. 'लाभार्थी' या एका शब्दाने माणसाचा कर्तेपणा कसा काढून घेतला, यावर एखादा प्रबंध व्हायला हरकत नाही.

वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच जिल्ह्यातली. आपले दुःख दुसऱ्यानेच मंचावरून आपल्याला सांगावे, ही तिच्यातली वेदना अभ्यासक्रमात शिकवताना आपण तिला चळवळीपुरती ठेवतो. ती अहवालांनाही लागू आहे.

याच भागात 1970च्या दशकात शहादा चळवळीत शहरी तरुण आले होते. आयआयटीतून अभियंता झालेले कुमार शिराळकर त्यांपैकी एक. 2022 साली वारले, तोवर ते श्रमिकांच्या चळवळीतच राहिले. सर्वांनी आयुष्य द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ते कुणी कुणाकडे मागूही नये. पण आठ आठवड्यांतले चार मे महिन्यात आणि चार ऑगस्टमध्ये घेता येतात. विद्यापीठाचे वेळापत्रक आडवे येते म्हणतात. ते काही सातपुड्यासारखे अचल नव्हे.

नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला इतरत्र नसलेले अधिकार दिले आहेत. 15 ऑगस्टला ग्रामसभा भरते. इंटर्नने आपला अहवाल तेथे मराठीत वाचावा, दुभाषाने तो मावचीत सांगावा, लोकांनी चूक काढली तर ती मजकुरात दुरुस्त व्हावी, आणि पहिल्या पानावर दुभाषाचे नाव लेखकाच्या शेजारी छापावे.