एक स्कूप कुणाचा?

तर झालं असं, की नवरोबाने जिमसाठी प्री-वर्कआउट पावडरचा एक भलामोठा डबा आणला. डब्यावर सूचना, 'व्यायामाआधी एक स्कूप'. एका स्कूपमधे कॅफीन ३०० मिलिग्रॅम. संध्याकाळी साडेसहाला दोघांनी एकेक स्कूप पाण्यात ढवळून घेतला. रात्री अकराला तो घोरत होता आणि पहाटे चारला मी पंख्याकडे बघत पडले होते. असं तीन आठवडे चाललं. "सवय नाही गं तुला, होईल," हे त्याचं निदान. (मलाही ते पटलं होतं, हे जास्त वाईट.)

मग एकदा कागदावर हिशेब मांडला. प्रयोगांत कॅफीन वजनाप्रमाणे देतात, किलोमागे साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम. तो ८२ किलोचा, मी ५१. त्याच एका स्कूपमधून त्याला किलोमागे साडेतीनच्या जरा वर मिळतं, मला जवळजवळ सहा. म्हणजे तो पहिल्या पायरीवर आणि मी थेट गच्चीत!

पुढचं तर त्याहून भारी. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट. माझ्या चालू आहेत. म्हणजे साडेसहाच्या ३०० मधले दीडशे पहाटे साडेचारलाही माझ्या अंगात. थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा हे कॅफीन अडवून बसतं, मग झोप येणार कुठून? डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही.

बरं, इतकं करून मिळतं काय? २०१० साली नियमित वजनं उचलणाऱ्या १५ बायकांवर एक प्रयोग झाला होता. किलोमागे ६ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्याइतकंच. बेंच प्रेसमधे एका वेळी उचललेलं जास्तीत जास्त वजन सरासरी ५२.१ किलोवरून ५२.९ वर गेलं. पाऊण किलोच्या जरा वर. हलक्या वजनाने किती वेळा उचलता येतं, त्यात काही फरक पडला नाही. आमच्या जिममधली सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची आहे, आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते. स्पर्धेत उतरणारीला तेवढं पुष्कळ असेलही. माझी झोप मात्र त्यापेक्षा महाग आहे.

कॅफीन खोटं आहे असं मुळीच नाही. त्याने ताकद थोडी वाढते, बायकांचीही. माझा राग त्या 'एक स्कूप'वर आहे. या विषयातले बरेचसे प्रयोग पुरुषांवरच झालेत. मासिक पाळीमुळे हार्मोन्स बदलतात, निष्कर्षांत गुंता होतो, म्हणून बायका वगळायच्या. आणि मग पावडर विकताना मात्र आम्ही त्यात धरलेल्याच! २०१९ च्या एका आढाव्यात तर म्हटलंय, की त्याच प्रमाणात कॅफीन दिलं तरी एकूण उचललेल्या वजनात पुरुषांना फायदा जास्त दिसतो. मला कमी फायदा आणि वर रात्रभर जागरण.

असो. आता मी सकाळी सहाला जाते आणि केकसाठी आणलेल्या वजनकाट्यावर अर्धा स्कूप मोजून घेते. नवरोबा अजून संध्याकाळीच जातो. परवा म्हणाला, "तुझं वजन किती गं, ५१ ना? मग आईला किती द्यावी?" सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. डबा आता माझ्या कपाटात असतो.