स्पॅनिशची वाट इंग्रजीवरूनच का?

वर्धा-नागपूर मार्गावरचे केळझर हे गाव सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी येथील लोकश्रद्धा आहे. या गावात एक शेतकरी दांपत्य आपल्या दोन मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते. गेल्या उन्हाळ्यात त्या घरच्या आईने मला विचारले, "मॅडम, मोठीला स्पॅनिश शिकायचं आहे. कोणतं पुस्तक घेऊ?" मराठीच्या प्राध्यापिकेला हा प्रश्न विचारण्यात काहीतरी गफलत आहे, असे मला प्रथम वाटले. आज वाटते की प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला होता.

स्पॅनिशच का, याला त्या बारा वर्षांच्या मुलीपाशी उत्तर होते. तिने पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्याविषयी कुठेतरी वाचले होते. वर्ध्यात जन्मलेले हे क्रांतिकारक गदर चळवळीतून, अमेरिका आणि इराण पालथे घालून १९२४ साली मेक्सिकोला पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने मक्याविषयी स्पॅनिशमध्ये जे लिहिले ते वाचता यावे, एवढीच या मुलीची इच्छा. भाषा शिकण्याचे याहून सशक्त कारण आमच्या पदव्युत्तर वर्गातही क्वचित आढळते.

साहित्याचा तुटवडा मुळीच नव्हता. पुस्तके, चित्रपत्ते, मोबाइलवरची ॲप, ध्वनिफिती यांचा गाडाभर ढीग समोर होता. बकासुराला पुरावा एवढा. पण मी चाळलेले जवळजवळ सगळे साहित्य एक गोष्ट गृहीत धरून चालले होते: शिकणारे मूल इंग्रजीतून विचार करते. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात आणि आदराने बोलायचे तर 'उस्तेद'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी पुस्तकाला हा भेद समजावताना पाने खर्ची घालावी लागतात. मराठी मुलाला त्यात समजावण्यासारखे काय आहे? आजीला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', आणि गुरुजींना काय म्हणायचे, हे त्याला चौथ्या वर्षीच कळलेले असते. स्पॅनिश 'तू' तर अर्थाने, उच्चाराने आणि कुळानेही आपलाच 'तू' आहे.

पुढे पाहा. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे बदलते आणि आवडणारा माणूस 'मला'मध्ये, चतुर्थीत बसतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटीपालटी वाटते. मराठी मुलाला ती घरच्यासारखी वाटावी. 'मी घर पाहते' पण 'मी मुलीला पाहते' हा आपला भेद स्पॅनिशमध्येही आहे: 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ ला निन्या'. आपला 'ला' प्रत्यय आणि त्यांचे 'आ' हे अव्यय येथे सारखेच काम करतात. 'क्येरो के बेंगास' या वाक्यातले क्रियापदाचे रूप इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्याला दीर्घकाळ छळते. 'तू यावंस असं मला वाटतं' म्हणणाऱ्याच्या तोंडी त्याचा जवळचा नातलग आधीपासूनच आहे. नामांचे लिंग, विशेषणांची त्यानुसार बदलणारी रूपे, कर्ता न उच्चारताही क्रियापदावरून ओळखता येणे, हेही त्याला नवे नाही.

उच्चारांचे तेच. स्पॅनिश त आणि द हे आपल्यासारखे दंत्य आहेत. प, त, क अल्पप्राण आहेत. 'तोमाते' हा शब्द देवनागरीत जितका नेमका उतरतो तितका तो रोमन लिपीतल्या इंग्रजी धाटणीच्या उच्चारखुणांनी उतरत नाही. शब्दसंग्रहातही दुवे आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिने आपल्याला साबण, पगार, पाव दिले आहेत. स्पॅनिशमध्ये साबण म्हणजे 'खाबोन', पाव म्हणजे 'पान', आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. मुलाला हे दुवे शोधायला लावणे हा एका दुपारचा सुंदर पाठ होऊ शकतो.

अर्थात मराठी सर्वत्र तारून नेईल असा भाबडा दावा मला करायचा नाही. स्पॅनिश नामाआधीचे 'एल' आणि 'ला' आपल्याकडे नाहीत. तेथे इंग्रजीची मदत होते. आपले नपुंसकलिंग स्पॅनिश नामांना नाही. आपण ब आणि व वेगळे उच्चारतो, ते उच्चारत नाहीत. 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे'च्या दोन क्रियापदांतला भेद तर सरावानेच अंगवळणी पडतो. इंग्रजी साहित्य टाकून द्यावे असेही मी म्हणत नाही. ते स्वस्त आहे, विपुल आहे. त्यातली वाक्ये व ध्वनी घ्यावेत, स्पष्टीकरण मात्र आईने मराठीत करावे.

म्हणून त्या आईला मी पुस्तकाचे नाव सांगितले नाही, निवडीच्या कसोट्या सांगितल्या. पहिल्या काही महिन्यांत कानाला प्राधान्य. स्थानिक भाषकांच्या आवाजात पूर्ण, सावकाश वाक्ये नसतील तर ते साहित्य बाजूला ठेवावे. चित्रावरून थेट अर्थ देणारे पुस्तक भाषांतरे देणाऱ्या पुस्तकाहून बरे. स्पेनची स्पॅनिश की मेक्सिकोची, हे आधी ठरवावे. स्पेनमधल्या पुस्तकांत भेटणारे 'बोसोत्रोस' मेक्सिकोच्या रोजच्या बोलण्यात नाही, आणि या मुलीची वाट मेक्सिकोला जाते. अकरा ते सतरा वयोगटासाठी 'देले' ही परीक्षा आहे. पण परीक्षेसाठी पुस्तक निवडू नये, भाषा आल्यावर हवी तर परीक्षा द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: एक वही असावी, जिच्यात डावीकडे स्पॅनिश वाक्य आणि उजवीकडे मुलीने स्वतः केलेले मराठी.

एकदोन वर्षांनी वाचनाचा प्रश्न येईल. हुआन रामोन हिमेनेस यांचे 'प्लातेरो इ यो' (१९१४) हे एका गाढवाच्या सोबतीचे पुस्तक तेव्हा हाती द्यावे. याच हिमेनेस यांच्या सहकार्याने त्यांच्या पत्नी सेनोबिया काम्प्रुबी यांनी १९१५ पासून रवींद्रनाथांच्या रचना स्पॅनिशमध्ये आणल्या. त्या इंग्रजीवरून केलेल्या होत्या, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पुलाला माझा विरोध नाही. पूल म्हणजेच पैलतीर समजण्याला आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव केला. त्याचा अर्थ आपण 'मातृभाषा हा एक विषय' इतकाच आक्रसून घेतला. मातृभाषेतून जग शिकायचे, तर दुसरी परकीय भाषाही तिच्यातूनच शिकता आली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरच्या परकीय भाषांत स्पॅनिशचे नाव आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आम्ही प्राध्यापकांनी सत्कार-समारंभ केले. त्याच आम्हाला केळझरच्या एका मुलीसाठी मराठीतून लिहिलेले स्पॅनिशचे एक चांगले बालपुस्तक पुढे करता आले नाही. व्याकरण आम्ही जाणतो, तौलनिक भाषाविज्ञान वर्गात शिकवतो. पण ते ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे गेलेले नाही.

परवा त्या आईने वही दाखवली. पहिल्या पानावर डावीकडे 'तू' आणि उजवीकडेही 'तू' लिहिले होते. खाली मुलीने पेन्सिलीने टिपले होते, "हा शब्द आधीच येतो." आमच्या मराठी विभागांनी पाठ्यपुस्तक लिहायला घ्यावे ते याच पानापासून.